तिसरी चौकट

“डोळे मिटा साहेब,” चांडकजी म्हणाले. “तुमच्या हातासमोर कंपनीच्या कागदांना कोण विचारतं?”

ह्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. अमरावतीच्या त्या काचेच्या दुकानात टेबलावर एक मोठा हॅलोजनचा दिवा पेटवलेला होता. चांडकजी त्याच्यासमोर लाकडी चौकटीत बसवलेल्या काचा एकेक करून धरणार, आणि गिऱ्हाइकाने अलीकडे तळहात धरून सांगायचं की कोणत्या काचेतून सगळ्यात कमी झळ येते. एकदा स्वतःच्या हाताने खात्री झाली की गिऱ्हाईक पुन्हा वाद घालत नाही, असा त्यांचा अनुभव.

मी शेजारी उभी होते आणि माझी छाती अभिमानाने फुगली होती. कारण हात दिगंबर गावंडेंचा होता. दर्यापूरच्या कापसाच्या पट्ट्यात त्या हाताला नाव होतं. हे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणायचा आणि सांगायचं की धागा किती लांब, ओलावा किती, कुणी वजनासाठी पाणी मारलंय की नाही. मग यंत्र लावलं तर यंत्रही तेच म्हणायचं. शेतकरी बहुधा यंत्र लावूच द्यायचे नाहीत. दिगूभाऊंनी हात लावला नं, मग झालं, म्हणायचे. चांडकजींच्या मेहुण्याची जिनिंग होती, त्यामुळे ही कीर्ती त्यांच्यापर्यंतही पोहोचली होती.

काचेचा हा सगळा खटाटोप मात्र माझा. त्याच्या चार वर्षं आधी ह्यांना मज्जातंतूंचा आजार जडला होता. आधी डावा पाय ओढायला लागले, मग एका डोळ्यासमोर धुकं यायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, “ह्याला पक्का उपाय नाही. पण उष्णतेपासून जपा. अंग तापलं की ह्यांच्या नसा काम करत नाहीत. थंड राहिले तर पुष्कळ दिवस चालते-फिरते राहतील.”

थंड राहा, असं दर्यापूरच्या माणसाला सांगायचं! मे महिन्यात आमच्याकडे दुपारी नळाखाली हात धरला तर भाजतो. दर उन्हाळ्यात हे खाटेवरून मोरीपर्यंत भिंत धरून जायचे आणि पावसाळा लागला की पुन्हा काठीवर यायचे. पण प्रत्येक वेळी थोडे कमीच परत यायचे, आणि ते मला दिसत होतं.

त्यातच आम्ही घर बांधायला काढलं. प्लॉट मिळाला तो पश्चिमेला तोंड करून असलेला. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि हट्टी तर जन्मापासूनचीच. जिथे मिळेल तिथे वाचून, पुण्याच्या भाच्याला फोन करकरून मी दोन काचांची खिडकी शोधून काढली. दोन काचांच्या मध्ये कोंडलेली कोरडी हवा, आणि आतल्या एका बाजूवर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ लेप. उजेड आत येतो, ऊन बाहेर राहतं. काळी फिल्म चिकटवून स्वस्तात काम भागलं असतं, पण ह्यांच्या डोळ्यांना उजेड हवा होता. अंधाऱ्या खोलीत हे उंबऱ्याला अडखळून पडायचे. मला गारवाही हवा होता आणि उजेडही. माझ्या डोक्याने एकच घेतलं होतं की ही काच लागली म्हणजे माझा माणूस चालत राहणार.

सासूबाईंना हे पटणं कठीण होतं.

“खिडकी उघडाचीच नाही म्हन्तं, मंग कूलर कुठी ठेवतं?” त्यांनी विचारलं.

“कूलर नाही ठेवायचा आई. लहानसा एसी घेऊ. खिडक्या बंद राहिल्या की तेवढा पुरतो.”

“मंग कूलरची हवा भायेर कुठून जाईन?”

“आई, कूलरच नाही.”

“नाही म्हन्जे?”

देवघर नसलेलं घर त्यांनी एकवेळ चालवून घेतलं असतं. कूलर नसलेलं घर ही गोष्ट त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हती. “काचेच्या बरणीत ठेवतं काय व माह्या लेकराले? लोनचं हाय काय थो?”

हे खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागले. “आई, कुंदाने ठरवलंय. आता ब्रह्मदेव कूलर घेऊन आला तरी त्याला दारातून परत जावं लागेल.”

असे आम्ही फेब्रुवारीच्या शेवटाला, ऊन अजून बेताचं असताना, एसटीने अमरावतीला आलो होतो.

“ही पहिली,” चांडकजींनी साधी काच दिव्यासमोर धरली.

ह्यांनी हात धरला, जरा थांबले, मान हलवली. “हं.”

“ही दुसरी.” ती हिरवट रंगाची.

“हं.”

तिसऱ्या वेळी चांडकजींनी माझ्याकडे पाहून मिश्कील हसत ओठांवर बोट ठेवलं आणि रिकामी चौकट उचलली. नुसतं लाकूड, आत काच नाही. ही त्यांची नेहमीची गंमत होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. गिऱ्हाईक चटका बसून हात मागे ओढतं, सगळे हसतात, आणि त्यानंतर चौथी काच लगेच विकली जाते. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. आता हे ‘अरे!’ म्हणून ओरडणार, याची वाट पाहत राहिले.

हे ओरडले नाहीत. दिव्याच्या त्या उघड्या झळीत त्यांनी हात तसाच धरून ठेवला. जिनिंगमध्ये ढिगात हात घातल्यावर कपाळाला पडायची तशी आठी पडली होती. चांडकजींचं हसू जागच्या जागी थांबलं.

“हं,” हे म्हणाले. “पुढची घ्या.”

चौथी काच दोन पदरी होती, आम्ही जिच्यासाठी आलो होतो ती. तिच्यासमोरही त्यांनी हात धरला. मग डोळे मिटलेलेच ठेवून थोडा विचार केला आणि अगदी ठामपणे म्हणाले, “तिसरी. तिसरी सगळ्यात थंड.”

मग चांडकजींनी टेबलावर थाप मारली. “वा साहेब, वा! आमची मस्करी आमच्यावरच उलटवली!”

ह्यांनी डोळे उघडले. चांडकजींच्या हातातल्या चौकटीकडे पाहिलं, तिच्यातून पलीकडे दिव्याकडे पाहिलं. मग तेही हसले. “मग काय तर! काच नाही म्हणजे बिल नाही. याहून थंड काय असणार, चांडकजी?”

सगळे हसले. मीही पोट धरून हसले. आमचे हे होतेच मुळात गमत्ये, आजारानेही ती खोड मोडली नव्हती.

काच अर्थात चौथीच ठरली. चांडकजींनी मापं दोनदा वाचून दाखवली, कारण ही काच कारखान्यातून मापाबरहुकूम तयार होऊन येते, नंतर कापता येत नाही. सही करायची वेळ आली तेव्हा ह्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. “तूच कर. घर तुझ्या डोक्यातून निघालंय.” उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला होता.

स्टँडवर चहा घेतला. काचेचे ग्लास होते आणि चहा नुकता उकळीवरून उतरवलेला. मी पदराच्या टोकाने ग्लास धरला, तरी दोन घोटांत बोटं बदलावी लागली. ह्यांनी ग्लास उजव्या मुठीत घट्ट धरला होता आणि दर्यापूरची गाडी कोणत्या फलाटाला लागेल ते पाहत होते. मी त्या मुठीकडे पाहत राहिले. माझा चहा तसाच राहिला.

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. ह्यांना खिडकीशी बसवलं होतं.

“हात दाखवा,” मी म्हणाले.

“कशाला?”

“दाखवा म्हणते नं.”

त्यांनी डावा हात पुढे केला.

“तो नाही. दुसरा.”

खिशातून हात बाहेर आला. तळहात लालभडक झाला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी पाणी भरून फोड उठायला लागला होता. त्यांचा हात मांडीवर घेतला आणि मधल्या बोटाच्या टोकाला माझं नख लावलं. आधी हळू, मग जोरात, इतकं की माझंच बोट दुखलं. हे खिडकीतून बाहेर पाहत होते.

“इथे?” मी विचारलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “काय इथे?”

नख अजून त्यांच्या बोटात रुतलेलं होतं. त्यांनी मान खाली करून ते पाहिलं, आणि मग सावकाश हात काढून घेतला.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“दसऱ्यापासून.” हाताकडे पाहत म्हणाले, “सोनं वाटायला आपट्याची पानं हातात घेतली नं, तेव्हा हातात काही आहे असं वाटलंच नाही. पाहिलं तर पानं होती.”

“आणि मला सांगितलं नाही.”

“तू तेव्हा खिडक्यांची मापं काढत होतीस, कुंदा. किती खुशीत होतीस. तुला काय सांगू?”

कंडक्टर आला. मी तिकिटं काढली. तो पुढे गेल्यावर मला एकदम आठवलं की दसरा म्हणजे तर हंगामाची सुरुवात.

“आणि कापूस?” मी विचारलं. “कापूस कसा पाहत होता मग?”

ते बाहेरच्या पऱ्हाट्यांकडे पाहायला लागले.

“डोळ्यांनी. रंग पाहायचो. आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहायचो. ज्याने पाणी मारलेलं असतं तो आपल्या हाताकडे बघत नाही, भलतीकडेच बघतो. पुष्कळदा बरोबर यायचं.”

“पुष्कळदा?”

“एकदा चुकलं. खोलापूरकडचा म्हातारा होता एक. मी हात घातला नि म्हणालो, बाबा, ओला आहे. त्याने वाद घालायला पाहिजे होता. पण तो म्हणाला, भाऊ, तुम्ही म्हणता तर ओलाच असंल, माह्यं ध्यान नसंल रायलं.” ह्यांनी हात पुन्हा खिशात घातला. “मला राहवलं नाही. मीच यंत्र लावायला लावलं. कापूस खडखडीत कोरडा होता, कुंदा. म्हाताऱ्याने स्वतःपेक्षा माझ्या हातावर जास्त विश्वास ठेवला, आणि हात तर केव्हाच मेला होता.”

मी तोंडावर पदर घेतला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

“त्याच दिवशी मालकाला सांगून सोडलं.”

“सोडलं? काम सोडलं? केव्हा?”

“संक्रांतीच्या सुमाराला.”

“अहो, पण रोज सकाळी मी डबा देते तुम्हाला! रोज रिकामा डबा घेऊन परत येता तुम्ही!”

“आपल्या घरावर जातो. मिस्त्री लोकांशी बोलतो, भिंतींना पाणी मारलं का ते बघतो. दुपारी ते जेवायला गेले की पश्चिमेच्या खिडकीच्या भोकात जाऊन बसतो.”

“उन्हात? तुम्हाला ऊन वर्ज्य आहे नं!”

“बसतो थोडा वेळ. हात उन्हात धरून पाहतो.” ते अगदी साधेपणाने म्हणाले, लहान मुलाने सांगावं तसं. “वाटतं, एखाद दिवशी कळेल.”

तेव्हा मी रडले. भर गाडीत, हुंदके देऊन रडले. मला त्यांचा राग आला होता, त्या डॉक्टरचा आला होता, चांडकजींच्या दिव्याचा आला होता. कुणासाठी चालला होता माझा एवढा आटापिटा? ज्याच्यासाठी घर गार करायचं होतं, त्याच्या हाताला गार काय नि गरम काय.

“उद्या चांडकजींना फोन करते,” मी डोळे पुसून म्हणाले. “नको ती काच. मला काहीच नको. साधी लावू. आईंना कूलर पाहिजे, कूलर ठेवू.”

“अजिबात नाही.”

“कशाला पण? तुम्हाला कळणार आहे का?”

हे शब्द तोंडातून गेले आणि मी जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये नीट उभी केली.

“मला कळत नाही म्हणून ऊन लागायचं थोडीच थांबतं? अंग तापायचं ते तापतंच. काच तर लागेलच. आणि घरात तू आहेस, आई आहे. तुम्हाला कळेल नं?” मग जरा अडखळत म्हणाले, “कळलं की मला सांगत जा. हात आता तुझा वापरू.”

मी हो म्हणाले.

काच वेळेवर आली. आम्ही अक्षय्य तृतीयेला राहायला गेलो. सासूबाईंनी पहिले आठ दिवस दर खोलीत जाऊन खिडकी उघडते का ते पाहिलं आणि नवव्या दिवशी पश्चिमेच्या खिडकीशी सतरंजी टाकून दुपारची झोप काढली. उठल्यावर म्हणाल्या, “कुंदे, भायेर आभाळ आलं काय व?” बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.

ह्यांची खाट त्याच खिडकीशी होती. दुपारी मी शाळेतून आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

“कसं आहे आज?”

मी चपला काढून फरशीवर उभी राहायचे. काचेला तळहात लावायचे, भिंतीला लावायचे, मग त्यांच्या कपाळाला लावायचे, आणि सांगायचे. “फरशी गार आहे. काच कोमट आहे. भिंत आपल्या माठासारखी आहे.” ते डोळे मिटून ऐकायचे. सगळं ऐकून झाल्यावर म्हणायचे, “छान.” कधी कधी जास्तीचंही विचारायचे. चादर धुतलेली आहे का, पोळी गरम आहे का, आईने पाठीवर हात फिरवला तो केव्हा. मी सगळं सांगायचे. मला त्याची इतकी सवय झाली की शाळेत मुलांनाही मी सांगायला लागले, बाक गार आहे, खडू ओलसर आहे. मुलं हसायची.

त्या उन्हाळ्यात हे भिंत न धरता मोरीपर्यंत गेले. मी जिंकले असं मला वाटलं. पुढच्या उन्हाळ्यातही गेले. पण आजार काही फक्त उन्हातूनच येत नव्हता. तिसऱ्या वर्षी तो पावसाळ्यात आला, आणि नंतर त्याने ह्यांना परत पाठवलं नाही. पाय गेले. दुसऱ्या डोळ्यातही धुकं उतरलं. बोलणं जड झालं. हिवाळ्यात छातीत कफ साठला, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरीच ठेवा.

पौष होता. त्या वर्षी मेळघाटाकडून असा वारा सुटला होता की लोक दिवसासुद्धा शेकोट्या पेटवून बसत होते. सासूबाई स्वयंपाकघरात शेगडीपाशी गोधडी पांघरून बसलेल्या. मी दोन स्वेटर घालून ह्यांच्या खाटेवर बसले होते. सकाळचा कोवळा उजेड काचेतून त्यांच्या पायांवर पडला होता, पण तो त्यांना दिसत नव्हता आणि जाणवतही नव्हता. त्यांच्याजवळ आता ना दिवस उरला होता ना ऋतू.

“कुंदा,” ते म्हणाले. कान तोंडाशी न्यावा लागला. “बाहेर ऊन मी म्हणत असेल नं?”

माझे दात थंडीने वाजत होते. “हो,” मी म्हणाले. “फार ऊन आहे.”

“आणि आत?”

“आत गार आहे. एकदम गार.”

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मला ते पाहवेना. “काच... चांगली निवडली आपण.”

“तुमच्यामुळे. मी तर नको म्हणत होते.”

“फरशी?”

“फरशीही गार आहे.”

“भिंत?”

“भिंतही.”

“चादर?”

“धुतलेली आहे. कालच घातली.” मी एका हाताने घोंगडी वर ओढून त्यांच्या गळ्यापर्यंत घेतली. आणखी काय सांगावं ते मी आठवत राहिले. काही उरलं नाही असं मला वाटलं. त्यांनी डोळे मिटले आणि छान म्हणाल्यासारखे ओठ हलवले.

ते शेवटचंच बोलणं झालं. दुपारी ते गेले.

आवरायला म्हणून बायका आल्या तेव्हा शेजारच्या वहिनींना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. सकाळपासून, ते बोलत होते तेव्हाही, त्यांचा हात माझ्या हातात होता. फरशीचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. तेवढं एक सांगायचं राहिलं.